सुरतेचे पाच दकार

सुरत हे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात दोन आठवणी तत्काळ जाग्या होतात. एक शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांची. दुसरी १९०७ सालच्या काँग्रेसची, जीत मंडपात भिरकावलेला तो दक्षिणी जोडा राष्ट्राच्या इतिहासातही जाऊन पडला. या दोन्ही प्रसंगी मराठी माणूस सुरतेस गेला तो वावटळीसारखा गेला आणि तसाच परतला. परंतु याच शहरात एक मराठी गृहस्थ शाळामास्तर म्हणून काही वर्षे शांतपणे राहिला, तेथील गुजराथी मित्रांच्या मेळ्यात मिसळून गेला, आणि त्या मेळ्यातून दोन भाषांच्या आधुनिक वाङ्मयाला व धर्मचिंतनाला काही देऊन गेला, ही तिसरी आठवण मात्र आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही. तिचाच मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

ते गृहस्थ म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध करून ज्यांनी मराठीचे पाणिनी ही पदवी मिळविली तेच हे. १८४० नंतर लवकरच सरकारी इंग्रजी शाळेतील शिक्षक म्हणून ते सुरतेस आले. त्या वेळची सुरत ही मोगल अमदानीतील मक्केचे द्वार म्हणविणारी सुरत राहिली नव्हती. तिचा व्यापार मुंबईने केव्हाच ओढून नेला होता. एप्रिल १८३७ च्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली होती, आणि त्याच वर्षी तापीच्या पुराने उरल्यासुरल्यावर पाणी फिरविले होते. आगगाडीचा रूळ सुरतेपासून मुंबईपर्यंत अखंड जोडला गेला तो १८६४ साली. तोवर मुंबईचे पुस्तक, मुंबईचे पत्र आणि मुंबईचा मनुष्य ही सर्व खुष्कीच्या वाटेने नाहीतर समुद्रमार्गे वाऱ्याच्या मर्जीने सुरतेस पोहोचत. अशा ठिकाणी जो लिहितो वाचतो त्याला सोबत हवी असते. आणि ती सोबत तेथे तयार होती.

सुरतेच्या सरकारी गुजराथी शाळेत १८२६ पासून दुर्गाराम मंछाराम हे मेहताजी होते. मेहताजी म्हणजे आपल्याकडील पंतोजी. जातीने वडनगरा नागर ब्राह्मण, जन्म १८०९ चा; म्हणजे दादोबांहून चारपाच वर्षांनी वडील. मुंबईस जाऊन, नव्या पद्धतीचे शिक्षण घेऊन ते आपल्या गावी परतले होते. त्यांच्याभोवती दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास असे तिघे जमले होते. यांतील दलपतराम हे प्रसिद्ध कवी दलपतराम नव्हेत, हे गुजराथी वाङ्मयाशी परिचय असणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. दादोबा आले आणि पाच झाले. पाचही नावांचा आरंभ 'द' अक्षराने होतो. गुजराथी शाळेतील पोर या अक्षराला 'दद्दो' म्हणते. म्हणून या पाचांना 'पाच दद्दा' हे नाव पडले आणि गुजराथी वाङ्मयाच्या इतिहासात ते कायम झाले. आपल्या बोलीत त्यांना पाच दकार म्हणू या.

या मंडळींनी प्रथम हाती घेतले ते पुस्तकांचे काम. १८४२ साली त्यांनी पुस्तकप्रसारक मंडळी काढली. शिळाछापाच्या साहाय्याने गुजराथी पुस्तके छापावी व लोकांच्या हाती द्यावी, असा तिचा हेतू होता. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्या काळी ग्रंथ म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे सोवळ्यात गुंडाळून ठेवायची वस्तू, त्या काळी पाच जणांनी मिळून छापील पुस्तकाचा प्रसार आरंभणे याला धाडस लागत असे. शिवाय लेखकाला एकट्याने न परवडणारी गोष्ट पाचांच्या खांद्यावर हलकी होते, हा व्यवहार त्यांनी ओळखला होता. आमच्या गोव्याकडे देवस्थानच्या उत्सवाचा भार महाजन जसा वाटून घेतात, तसाच हा प्रकार; उत्सव मात्र अक्षरांचा.

१८४३ साली सुरतेच्या याच मुक्कामात दादोबांनी 'धर्मविवेचन' हा निबंध लिहिला. ईश्वर एकच, मनुष्यमात्राची जात एक, प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य असावे आणि ज्ञानाचा लाभ सर्वांना मिळावा, अशा आशयाची तत्त्वे त्यात मांडली आहेत. हा निबंध छापून प्रसिद्ध झाला तो १८६८ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि तेव्हाही त्यावर कर्त्याचे नाव नव्हते, 'एक जगद्वासी आर्य' एवढेच होते. छापील पानाला जे सांगण्याचे धैर्य पाव शतक झाले नाही, ते सुरतेच्या त्या मेळ्यात मात्र तोंडाने मोकळेपणी बोलले जाऊ लागले. लेखकाचे पहिले वाचक म्हणजे त्याचे मित्र असे म्हणतात. दादोबांच्या बाबतीत काही काळ दुसरे वाचकच नव्हते.

याचे प्रत्यक्ष रूप म्हणजे २२ जून १८४४ रोजी सुरतेत स्थापन झालेली मानवधर्मसभा. एका पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने शहरात जी खळबळ उडाली तिचे हे तात्कालिक फळ. आपला धर्म सोडून मुले का जातात, याचे उत्तर मिशनऱ्यांना शिव्या देऊन मिळणार नाही, आपल्या घरात डोकावून मिळेल, असा या मंडळींचा रोख होता. मूर्तिपूजेविषयीची त्यांची मते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना मान्य होणार नाहीत. आम्हांसही ती सर्वस्वी मान्य नाहीत. परंतु ज्या दादोबांनी ही मते मांडली त्यांनीच पुढे मोरोपंतांच्या केकावलीवर आपल्या आईबापांच्या नावाने 'यशोदापांडुरंगी' ही टीका रचली, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या ठायी भक्तीचा ओलावा आटला नव्हता, हे कोणीही कबूल करील.

सभेचे अध्यक्ष दादोबा आणि चिटणीस दुर्गाराम. ती आठवड्याला भरे, आणि तिचे दार उघडे असे. कोणीही यावे, ऐकावे, शंका काढावी. जादूटोणा व मंत्रतंत्र करणाऱ्यांचे त्या काळी सुरतेत मोठे प्रस्थ होते. भूत उतरविणारे, मूठ मारणारे, मंत्राने माणूस मारण्याची धमकी घालणारे, अशा सर्वांना सभेने उघड आव्हान दिले की आपली विद्या येथे येऊन सिद्ध करून दाखवावी. दुर्गाराम या कामी विशेष पुढे असत. सामान्य जनांचे भय ज्याच्यावर पोसले जाते त्याला चारचौघांत पुरावा मागणे हे वकिलाला फार रुचणारे काम आहे, हे आम्हांस येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

काळ तसा तापलेला होता. त्याच वर्षी सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला आणि ऑगस्टच्या अखेरीस सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले. दुकाने बंद झाली, दंगा झाला. शेवटी सरकारला वाढवलेल्या करात सूट द्यावी लागली. एका बाजूला मिठासाठी एकवटणारे शहर आणि दुसऱ्या बाजूला दर आठवड्याला जमून ईश्वर, जात, विधवा व भूतप्रेत यांविषयी वाद करणारी ही चिमुकली सभा, असे ते १८४४ साल होते.

या सभेची हकीकत आपल्याला कळते ती दोन साक्षीदारांमुळे. दुर्गाराम रोजनिशी लिहीत. सभेत कोण आले, काय बोलले, कोणी काय आक्षेप घेतला, याची नोंद ते गुजराथीत करीत. गुजराथी गद्याच्या आरंभकाळातील हा एक अमोल दस्तऐवज होय. दुसरा साक्षीदार दादोबांचे मराठी आत्मचरित्र. ते अपुरेच राहिले, पण सुरतेचा काळ त्यात आला आहे. एकाच मेळ्याची हकीकत त्यातील दोघांनी दोन भाषांत लिहून ठेवावी, असे भाग्य आपल्याकडील फार थोड्या संस्थांना लाभले असेल.

आणि साक्षीदार दोन झाले की वाद आलाच. मानवधर्मसभा कोणाची? गुजराथी लेखक तिचा संस्थापक म्हणून दुर्गारामांचे नाव घेतात. मराठी लेखक दादोबांचे. दादोबांची बाजू आपल्याकडे साक्षेपाने मांडली ती अ. का. प्रियोळकरांनी. श्रीमंगेशाचे देवालय ज्या गावी आहे त्या प्रियोळचे हे सुपुत्र, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. १९४७ साली त्यांनी दादोबांचे आत्मचरित्र संपादून प्रसिद्ध केले, त्याला चरित्राची जोड दिली, आणि पुढे १९६६ साली परमहंस सभेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रियोळकरांच्या संशोधनाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरीही न्यायाधीशाच्या भूमिकेवरून पाहता या दाव्यात कोणा एकाच्या बाजूने हुकूमनामा देणे आम्हांस कठीण वाटते. तत्त्वे बहुतांशी दादोबांच्या निबंधातील आहेत, हे उघड आहे. परंतु ज्या शहरात सभा भरली ते दुर्गारामांचे होते, श्रोते त्यांचे होते, ज्या भाषेत वाद झाला ती त्यांची होती, आणि ज्यांचा रोष ओढवून घ्यायचा ते शेजारी व जातभाईही त्यांचेच होते. परगावचा नोकरदार उद्या बदलून जातो. गावच्या माणसाला मात्र संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी परतायचे असते. दोघांनाही समान वाटा मिळावा, असे आमचे मत आहे.

गल्लीचे हे बळ किती असते याचा प्रत्यय दुर्गारामांच्याच आयुष्यात येतो. विधवाविवाहाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. पहिली पत्नी वारल्यावर, पुन्हा लग्न केलेच तर विधवेशीच करीन, अशी त्यांची भाषा होती. प्रत्यक्षात जातीतील एका अल्पवयीन मुलीचे स्थळ आले आणि त्यांनी ते पत्करले. लोकांनी बोट दाखविले, आणि ते योग्यच होते. सभेत पाच जणांच्या सोबतीने बोलताना जे बळ येते ते घराच्या उंबऱ्यावर एकट्याला पुरत नाही. आपल्याकडील न्यायमूर्ती रानड्यांनाही १८७३ साली वडिलांच्या इच्छेपुढे असेच वाकावे लागले होते. तेव्हा दुर्गारामांवर दगड टाकण्याची घाई महाराष्ट्राने तरी करू नये.

१८४६ साली दादोबांची मुंबईस बदली झाली आणि १८५२ साली दुर्गारामांना शाळाखात्याच्या कामावर राजकोटास जावे लागले. सभा विझली. पाच दकार पांगले. सरकारी नोकरीच्या बदल्यांनी या देशातील किती मंडळ्या उधळल्या असतील!

मुंबईस आल्यावर दादोबा स्वस्थ बसले नाहीत. १८४८ साली निघालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. आणि १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. तिची तत्त्वे सुरतेचीच होती. रीत मात्र नेमकी उलटी. सुरतेस दार उघडे होते, येथे बंद. येथे सभासदाने ख्रिस्ती पाववाल्याचा पाव सर्वांसमक्ष खाऊन जातिबंधन झुगारल्याची खूण पटवायची, पण ही गोष्ट बाहेर कोणाला कळू द्यायची नाही. सभासद पुरेसे वाढले म्हणजे मग सर्वांनी एकदम प्रकट व्हावयाचे, असा बेत होता. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. ती दहाअकरा वर्षे चालली. मग १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे बाडच कोणी चोरून नेले. नावे उघडकीस येणार या धास्तीने सभा जी विस्कटली ती पुन्हा जमली नाही. ज्या विचारासाठी सुरतेच्या मेहताजीने भर सभेत शिव्या खाल्ल्या, त्याच विचारासाठी मुंबईच्या सुशिक्षितांना आपले नाव सांगवेना. मुंबई मोठी आणि सुरत लहान, म्हणून धैर्य मुंबईस अधिक असले पाहिजे, असा हिशेब करणारांनी हे ध्यानात घ्यावे. गुप्त गोष्ट अनेकांच्या विश्वासावर सोपविली म्हणजे तिचे काय होते, हे कोर्टकचेरीत रोज दिसते. दुर्गारामांच्या रोजनिशीची चोरी करण्याचे कोणाला कारणच नव्हते. तिच्यात लपविण्यासारखे काही नव्हते. तथापि परमहंस सभेची राख वाया गेली नाही. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली मुंबईस प्रार्थनासमाज निघाला तो या राखेतून.

सुरतेचे पुढे काय झाले? दुर्गाराम राजकोटास गेले त्याच सुमारास सुरतेचा एक अठरा वर्षांचा तरुण मुंबईत सार्वजनिक कामात शिरत होता. नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद. १८५१ सालचा त्याचा पहिला निबंध गुजराथी भाषेतील पहिला निबंध म्हणून गणला जातो, आणि त्याचा विषय कोणता? तर मंडळी मिळाल्याने होणारे लाभ! त्यांपैकी एक लाभ त्याला पुढे भलत्याच ठिकाणी मिळाला. छंदशास्त्राचा एक हस्तलिखित ग्रंथ सुरतेतील एका गवंड्यापाशी असल्याचे त्याला कळले. गवंडी पोथी बाहेर नेऊ देईना. तेव्हा नागर ब्राह्मणाचा हा मुलगा त्याच्या घरी बसून ती उतरून घेऊ लागला. विद्या देणारा गवंडी आणि घेणारा कवी, यांचीही एक मंडळीच झाली म्हणावयाची.

नर्मद, समीक्षक नवलराम पंड्या आणि कादंबरीकार नंदशंकर मेहता हे तिघेही सुरतेचे. पाच दद्दांनंतर सुरतेने या तिघांना 'त्रण नन्ना' म्हटले. मराठीत तीन नकार म्हटल्यास वाचक भलताच अर्थ घेतील, म्हणून आम्ही मूळ शब्दच ठेवतो. नंदशंकर ज्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले ती दादोबांच्याच शिक्षकीची शाळा. त्यांची 'करणघेलो' ही १८६६ साली निघालेली गुजराथीतील पहिली कादंबरी; तिची चिकित्सा केली ती नवलरामांनी, सुरतेच्याच 'गुजरातमित्र' पत्रातून. एकाच गावच्या एका लेखकाने दुसऱ्याच्या पुस्तकाचे गुणदोष छापून सांगावे आणि तरी मैत्री टिकावी, हे त्या काळी नवे होते. आजही ते जुने झाले आहे असे आम्हांस वाटत नाही. नर्मदाने १८६४ साली चार मित्रांच्या साहाय्याने 'दांडियो' हे पाक्षिक काढले. रात्री दांडी आपटीत फिरणारा पहारेकरी तो दांडियो. निजलेल्यांना त्याचा आवाज आवडत नाही. आमलीरान भागातील आपल्या घराला नर्मदाने नाव दिले 'सरस्वतीमंदिर'.

लेखकांनी एकमेकांच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, याची खरी कसोटी मात्र १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात लागली. वल्लभसंप्रदायाचे सुरतेचे जदुनाथजी महाराज मुंबईस आले असता विधवाविवाहाच्या प्रश्नावर नर्मदाने त्यांच्याशी उघड वाद केला. पाठोपाठ करसनदास मुळजींनी 'सत्यप्रकाश' पत्रात ऑक्टोबर १८६० मध्ये महाराजांच्या आचरणावर लेख लिहिला. महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, तोही लेखक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना या दोघांवर. संप्रदायाच्या उपासनेविषयी येथे आम्हांस काही म्हणावयाचे नाही. खटला एका व्यक्तीच्या वर्तनाचा व लेखकाच्या हक्काचा होता. त्याच्या आधीच भाटिया समाजातील काही पुढाऱ्यांनी, महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, देणारास जातीबाहेर टाकावे, असा कट केला. त्याबद्दल नऊ जणांना दंड झाला. मंडळी मिळाल्याने होणारे लाभ नर्मदाने सांगितले होते. तोंडे बंद करण्यासाठीही मंडळी मिळते, ही दुसरी बाजू या कटात दिसली.

अशा वेळी साक्षीस उभे राहिले त्यांत डॉ. भाऊ दाजी होते. गोव्यातील मांद्रे गावचे हे रत्न आपल्या सारस्वत समाजाचे भूषण. वैद्य म्हणून त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी शपथेवर सांगितले. गुजराथी लेखकाचा बचाव, पारशी मुद्रक सहआरोपी आणि गोमंतकीय साक्षीदार! 'लिहिले ते सत्य आहे' हा बचाव अब्रुनुकसानीच्या दाव्यात सर्वांत अवघड, कारण तो सिद्ध करण्याचा सारा भार लिहिणारावर पडतो आणि साक्षीदार न मिळाले तर लेखक बुडतो. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. बचाव मान्य झाला, आणि महाराजांनी करसनदासांना साडेअकरा हजार रुपये खर्चापोटी द्यावे असे ठरले. करसनदासांचा प्रत्यक्ष खर्च याहून अधिक झाला होता. सत्य सिद्ध करूनही पदरमोड चुकत नाही.

नर्मदाचा उत्तरकाळ खडतर गेला. नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा पण त्याने १८५८ साली केला होता. 'नर्मकोश' १८७३ साली पुरा करीपर्यंत कर्ज वाढत गेले, आणि १८८२ साली त्याला पुन्हा चाकरी धरावी लागली. सुधारणेविषयीची त्याची मतेही शेवटी पालटली. १८८६ साली तो वारला. त्याचे चरित्र लिहिले ते नवलरामांनी.

दुर्गाराम १८७६ साली निवर्तले. त्यांच्या रोजनिशीचे महत्त्व ओळखले महीपतराम रूपराम यांनी. हेही सुरतेत जन्मलेले नागर. १८६० साली विलायतेस गेल्याबद्दल जातीने त्यांना बाहेर टाकले होते. या बहिष्कृत माणसाने १८७९ साली 'दुर्गारामचरित्र' प्रसिद्ध केले आणि त्यात मेहताजींच्या रोजनिशीतील १८४३ ते १८४५ चा भाग उतरून ठेवला. मानवधर्मसभेत कोण काय बोलले हे आज वाचता येते ते त्या पुस्तकामुळे. ते निघाले तेव्हा पाच दकारांतील दादोबा मुंबईत हयात होते. त्यांची स्वतःची हकीकत मात्र हस्तलिखितातच पडून होती. १८८२ साली ते वारले, आणि तीस छापखाना दाखविणारा प्रियोळचा माणूस जन्मास यावयास अजून तेरा वर्षे अवकाश होता.